पाय जागे, मी जागी

रात्रीचे अकरा वाजले की माझे पाय जागे होतात. दुखत नाहीत, मुंग्याही नाहीत; आतून काहीतरी वळवळतं आणि हलवल्याशिवाय राहवत नाही. हलवले की बरं, थांबवले की पुन्हा सुरू! सिडकोतल्या आमच्या गच्चीवर किती चकरा मारल्या असतील, देव जाणे. (आजीलाही हेच व्हायचं. ती पोटऱ्यांना जुन्या लुगड्याची पट्टी आवळून झोपायची. सगळे म्हणायचे, वय झालं.)

वय कसलं! थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्येच हे लिहून ठेवलंय. १९४५ मध्ये स्वीडनच्या एकबोमने त्याचं बारसं केलं, 'रेस्टलेस लेग्ज'.

माझं हिमोग्लोबिन बारा, म्हणजे ठीक. पण डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायला लावला. निघाला १४! मेंदूला लोह कमी पडलं की डोपामिनचं गणित बिघडतं म्हणे. ह्या दुखण्यात तर ७५ पर्यंतही साठा अपुराच धरतात.

आता लोहाच्या गोळ्या, आणि संध्याकाळचा चहा बंद (हे फार जड गेलं). तीन महिन्यांत गच्ची आठवड्यातून दोनदाच.

ताई, तुझेही पाय रात्रभर चादर घासतात ना? फेरिटिन करून घे, आणि आकडा मला कळव.