बुडालेला उंबरठा

गतवर्षीं वैशाखांत डिंभे धरणाचें पाणी ओसरलें असतां आम्ही दोघें भावंडें आजोबांसमवेत जुनें आंबेगांव पाहावयास गेलों. आमच्या तालुक्यास ज्याचें नांव मिळालें, तें हें गांव घोड नदीवरील जलाशयांत बुडालेलें आहे. चिखलांतून वाट काढीत आजोबा एका जोत्यापाशीं थांबले व म्हणाले, "हा आपला उंबरठा."

आम्हीं खुणेकरितां तेथील एक दगड उचलूं लागतांच त्यांनीं हात धरला. "अरे, येथून हलविला कीं तो नुसता दगड होईल." आम्ही हिरमुसलों.

पुढें शाळेंत समुद्राचा पूर्वेतिहास शिकतांना आम्हांस तो दगड आठवला. हिमयुगाच्या ऐन भरांत, सुमारें २१,००० वर्षांपूर्वीं, अपार पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलें होतें व समुद्र आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होता. हें कळलें पोवळ्यांवरून. रिचर्ड फेअरबँक्स यांनीं वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाजवळ समुद्रतळास भोंकें पाडून काढलेल्या जुन्या पोवळ्यांचा वृत्तांत १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. तेथील रुंद फांट्यांच्या एका जातीच्या पोवळ्यास भरपूर उजेड लागतो. तें पृष्ठभागाखालीं थोड्याच मीटरांत वाढतें. तेंच मृत होऊन शंभर मीटर खोल सांपडलें, तर एके काळीं समुद्राचा पृष्ठभाग त्याच्या जवळच होता. तो समुद्राचा उंबरठाच म्हणावयाचा!

वय काढण्याची युक्ति तर फारच नामी. पोवळें वाढतांना समुद्रांतील युरेनियम आपल्या सांगाड्यांत घेतें, थोरियम जवळजवळ घेत नाहीं. पुढें त्या युरेनियमपासून ठराविक गतीनें थोरियम उत्पन्न होतें. दोहोंचें प्रमाण मोजलें कीं वर्षें निघतात. ताहिती बेटाच्या पोवळ्यांवरून असें दिसलें कीं सुमारें १४,६०० वर्षांपूर्वीं समुद्र अवघ्या साडेतीनशें वर्षांत १४ ते १८ मीटर चढला. आमच्या जोत्यावर पाणी चढलें, तें तर त्याहून किती तरी वेगानें!

मुंबईस एकोणिसाव्या शतकांत प्रिन्सेस डॉक खोदतांना चिखलाखालीं खैराचीं झाडें मुळांसकट उभीं सांपडलीं. पण समुद्र चढला कीं जमीन खचली, हें एकट्या झाडावरून ठरत नाहीं. बार्बाडोसची भूमिही हळूहळू वर येत असल्यामुळें तेवढा हिशोब वजा करावा लागला. शिवाय लाटांनीं उलथून घरंगळलेलें पोवळें या मोजणीस चालत नाहीं. तें जेथें वाढलें तेथेंच सांपडावें लागतें.

हें वाचलें त्या दिवशीं आम्हीं घरीं जाऊन आजोबांस सांगितलें. ते हंसले. तोंवर पावसाळा लागला होता आणि जोतें पुनः पाण्याखालीं गेलें होतें.