चला, फॉन्टच्या गावाला!

अ‍ॅमस्टरडॅम म्हटलं की कालवे, सायकली आणि ट्यूलिप. टूरवाले एवढंच दाखवतात. पण स्किपोल एअरपोर्टवर उतरलात की आधी मान वर करा. डोक्यावरचे ते पिवळे बोर्ड बघा! त्यांची मूळ योजना १९६७ मधली, ‘टोटल डिझाइन’ स्टुडिओतल्या बेनो विसिंगची. याच स्टुडिओचा एक संस्थापक होता विम क्राउवेल. तुम्ही फॉन्टवेडे असाल, तर तुमची ट्रिप इथेच सुरू झाली.

क्राउवेलने त्याच वर्षी ‘न्यू अल्फाबेट’ काढला. तेव्हाच्या नव्या कॉम्प्युटर टाइपसेटिंग मशीनवर अक्षरांची गोलाई नीट उमटायची नाही, कडा करवतीसारख्या दिसायच्या. या पठ्ठ्याने मशीनला दोष न देता अक्षरंच बदलली. फक्त उभ्या-आडव्या रेषा, कोपरे छाटलेले. ‘एम’ म्हणजे काय, तर ‘एन’च्या खाली एक रेघ! वाचताना अर्थातच घाम फुटतो. हा प्रयोग आहे, रोजच्या वापराचा फॉन्ट नव्हे, हे तो स्वतःही मान्य करायचा. तरी १९८८ मध्ये तो थेट जॉय डिव्हिजनच्या ‘सबस्टन्स’च्या कव्हरवर झळकला.

म्युझियमप्लाइनवरच्या स्टेडेलिक म्युझियमसाठी क्राउवेलने १९६३ पासून दोन दशकं पोस्टर्स केली, सगळी चौकटींच्या हिशेबात. म्युझियमची २०१२ मध्ये उघडलेली नवी पांढरीशुभ्र इमारत लोकांच्या तोंडी ‘बाथटब’ आहे. ती उभारणाऱ्या फर्ममधला मेल्स क्राउवेल म्हणजे विमचा मुलगा. बापाने अक्षरं मांडली, पोराने भिंती!

आता ट्रेन पकडा. पाऊण-एक तासात हेग. इथली रॉयल अकॅडमी १६८२ पासूनची. इथेच शिकलेल्या एरिक फान ब्लोकलंड आणि युस्त फान रोसम यांनी १९८९ मध्ये ‘बेओवोल्फ’ नावाचा भन्नाट फॉन्ट केला. प्रिंटरला दिलेल्या आज्ञांमध्येच त्यांनी थोडी गडबड घुसवली. त्यामुळे प्रत्येक ‘ए’ कागदावर वेगळाच वेडावाकडा उमटायचा. मशीनने तरी दरवेळी एकसारखंच का लिहावं, हा त्यांचा सवाल. पुढे प्रिंटिंगची सॉफ्टवेअर्स बदलली आणि ही युक्ती चालेना. मग २००७ मध्ये प्रत्येक अक्षराची अनेक रूपं आधीच भरून ठेवलेली आवृत्ती आली. म्हणजे नशिबावर सोडलेला खेळ हिशेबात बसवावा लागला. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ने २०११ मध्ये हे दोन्ही फॉन्ट संग्रहात घेतले.

जाता जाता, युस्तचा भाऊ खिडो म्हणजे पायथॉन भाषेचा जनक. आयटीवाल्यांनो, नमस्कार करा!

परतीच्या ट्रेनमध्ये चौकटीची वही काढा आणि क्राउवेलच्या नियमात बाराखडी बसवून बघा. शिरोरेषा आयती आडवी मिळते, ‘ट’ही कसाबसा जमतो. पण ‘ळ’ जाम छळतो. गोलाई काढून घेतली, तर ‘ळ’ उरतो का? ठरवा तुम्हीच.

जायचं असेल तर : शेंगेन व्हिसा लागतो. हेगची अकॅडमी हे कॉलेज आहे, म्युझियम नव्हे. त्यामुळे उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा जा.