समुद्रातली कोरडी जागा

पाणबुड्याच्या पाठीवरची हवेची टाकी ही समुद्राच्या पोटात नेलेली एक लहानशी कोरडी जागा असते, आणि तिच्या देखभालीचे सारे शास्त्र हा कोरडेपणा राखण्याभोवतीच फिरत असते. सर्वत्र आढळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे ११ लिटर पाणी मावेल एवढीच पोकळी असते. परंतु २०० बार दाबाने, म्हणजे किनाऱ्यावरील वातावरणाच्या जवळजवळ दोनशेपट दाबाने हवा भरली की त्याच पोकळीत सुमारे २,२०० लिटर हवा सामावते, आणि जिला वजन आहे हे एरवी कोणाच्या ध्यानातही नसते त्या हवेचे वजन अडीच किलोंच्या पुढे जाते. बुडी संपत आली की अशी टाकी पाण्यात वर तरंगू पाहते ती यामुळेच. तेवढे वजन एकेका श्वासाबरोबर बुडबुडे होऊन निघून गेलेले असते.

टाकी अगदी तळापर्यंत रिकामी करू नये, हा पाणबुड्यांचा जुना दंडक आहे. आतली हवा बाहेर ढकलत असेतोवर पाण्याला वाट मिळत नाही. तो जोर सरला आणि व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीच्या तोंडावरची झडप, उघडीच राहिली तर समुद्र आत शिरतो. ॲल्युमिनियम हा धातू हवेत स्वतःवर ऑक्साइडचा पातळ थर धरून आपले रक्षण करतो, पण खारे पाणी त्या थरालाही भेदते आणि मग आतून पांढरी भुकटी सुटून धातूला बारीक खड्डे पडतात. पोलादी टाकीतला धोका याहून गंभीर आणि अधिक छुपा असतो. गंज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग. बंद टाकीत तो प्राणवायू आतल्या हवेतूनच घेतला जातो, त्यामुळे पाणी राहिलेली टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली तर दाबमापकाचा काटा जवळजवळ भरलेपणच दाखवत राहतो आणि आतली हवा मात्र श्वास घेण्याजोगी उरलेली नसते. डोळ्यांना, नाकाला आणि काट्यालाही न कळणारा हा ऱ्हास ओळखण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे टाकी उघडून पाहणे.

उघडण्यापूर्वी हवा सावकाश सोडावी लागते, कारण वेगाने सुटणारी हवा धातूला गार करते आणि गार धातूवर बाष्प साचते. मग व्हॉल्व्ह काढून लवचिक दांडीवरचा दिवा आत सोडला जातो, आणि गळ्याच्या आतले आटे, म्हणजे व्हॉल्व्ह बसतो ती मळसूत्री खाच, लहान आरशात निरखले जातात. व्हॉल्व्ह क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचा आणि टाकी ॲल्युमिनियमची. दोन भिन्न धातूंमध्ये खारे पाणी आले की विद्युत्‌रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यात झीज सोसावी लागते ती ॲल्युमिनियमला. म्हणूनच आट्यांना योग्य ग्रीसचा अगदी पातळ हात दिला जातो. हवा अडवण्याचे काम गळ्याशी बसवलेले रबराचे कडे, म्हणजे ओ-रिंग करते. त्यामुळे व्हॉल्व्ह फार आवळण्याची गरज नसते; पाना लावून बळ करणाऱ्याच्या हातून आटे मात्र बिघडतात.

व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला एक बारीक नळी टाकीत थोडी आत शिरलेली असते, आणि या साऱ्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग बहुधा हाच असावा. पाणबुड्या डोके खाली करून उतरू लागला की टाकीही उलटी होते, आत काही गंज वा भुकटी असेल तर ती घरंगळत गळ्याशी जमते. नळीचे तोंड त्या साचलेल्या थराच्या वर राहत असल्यामुळे तो कचरा हवेच्या वाटेत येत नाही. देखभाल करणाऱ्याने ही नळी परत बसवायला विसरावे, याइतकी लहान आणि महाग पडणारी चूक विरळाच.

टाकीच्या भिंतीची परीक्षा पाण्यानेच होते. हवा दाबली जाते व भिंत फुटल्यास स्फोटाने उसळते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून ते सुरक्षित ठरते. पाण्याने भरलेल्या पात्रात टाकी ठेवून तिच्यात नेहमीच्या कामाच्या दाबाहून बराच अधिक दाब दिला जातो आणि ती किती फुगली व दाब काढल्यावर किती पूर्ववत झाली हे मोजले जाते. अमेरिकेत ही चाचणी दर ५ वर्षांनी होते. भारतात असे सिलिंडर २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात, आणि त्या नियमांचा कारभार पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय समुद्रापासून दूर, नागपूरला आहे.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो, बुड्या थांबतात, होड्या वर ओढून झापांखाली झाकल्या जातात. टाक्या उघडण्यासाठी याहून निवांत काळ नाही, पण याच दिवसांत हवा सर्वांत दमट असते, तेव्हा धुतलेली टाकी कोरड्या, कोमट हवेने वाळवूनच बंद करणे भाग असते. नारळी पौर्णिमा उलटून समुद्र निवळला की टाक्या पुन्हा भरायला येतात. भरण्याची नळी जोडण्याआधी जाणकार हात व्हॉल्व्ह क्षणभरच उघडतो. आत राखून ठेवलेली थोडी हवा फस्सकन सुटते आणि तोंडाशी अडकलेला पाण्याचा थेंब बाहेरच्या वाळूत उडून पडतो.