सुतारमामा, माप माझं घ्या!

मैत्रिणींनो, घरात सुतारकाम काढायचं ठरलं की पहिला पैसा कुठे जातो, ते तुम्हाला सांगायला नकोच. हॉलमध्ये! टीव्हीभोवती भिंतभर कपाटं, शोकेस, आणि त्यात कधीही न वापरायचे कप. आपण दिवसाकाठी हॉलमध्ये किती वेळ बसतो, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

आमच्याकडेही तोच बेत होता. 'हे' कुठूनशी रंगीत चित्रं घेऊन आले होते. पण इकडे सासूबाईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांची चाळीस वर्षांची पूजा आता मी घाईघाईत उरकत होते, आणि त्या चौकटीला टेकून, "गंध उगाळलंस ना? दूर्वा वाहिल्यास ना?" असं विचारत उभ्या राहायच्या. ते काही मला बघवेना. मी म्हटलं, टीव्हीची भिंत पुढच्या वर्षी. आधी देवघर आणि स्वयंपाकघर. दोन दिवस अबोला झाला, पण तो काय, निभतो!

तुम्ही म्हणाल, दुकानात तयार देव्हारे मिळतात, कपाटं मिळतात, मग घरात भुसा का करून घ्यायचा? अहो, मापासाठी. ब्लाऊज आपण मापाचाच शिवून घेतो ना? मग ज्या ओट्याशी जन्म जायचा, तो कुणाच्यातरी सरासरी उंचीचा का असावा? सुतारमामा आले आणि म्हणाले, "वहिनी, साहेब येऊ देत, मग मापं ठरवू." मी म्हटलं, "मामा, ओट्याशी साहेब उभे राहत नाहीत." तेही हसले, आणि टेप काढली.

तुम्हीही हे करून बघा. रोजच्या चपला घालून, ताठ उभं राहून कोपर वाकवायचं. कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर ओट्याची वरची बाजू यावी. माझी उंची चार फूट अकरा, म्हणून माझा ओटा 32 इंचांवर आला. मामा सवयीनं 34 धरून चालले होते. "दोन इंचांनी काय होतं?" असं ह्यांचं म्हणणं. पंधरा माणसांच्या पोळ्या लाटताना खांदे कानाशी येतात, तेव्हा कळतं दोन इंचांनी काय होतं ते! वरच्या फळीचं मापही तसंच. टाचा न उचलता हात जिथे पोचतो, तिथे रोजचे डबे. त्यावरच्या फळ्या दिवाळीच्या भांड्यांना.

देवघराला खरा वेळ लागला. मामांनी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि जमिनीपासून मांडीपर्यंतचं माप घेतलं. देव 28 इंचांवर, खाली गुडघे आत जातील एवढी मोकळी जागा, आणि पुढे ओढून घ्यायची एक फळी, म्हणजे ताम्हन त्यावर ठेवून अभिषेक करता येतो. खुर्चीलाही हात हवेतच, नाहीतर उठताना देव्हाऱ्यालाच धरून उठायची वेळ यायची. निरांजनाच्या वर फूटभर जागा मोकळी ठेवायला सांगितली. समई तर लाकडापासून लांबच बरी.

आता लाकडाविषयी. वखारीत स्वतः जा, बाई म्हणून बिचकू नका. भाव घनफुटावर असतो आणि हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत. तिन्हींचा गुणाकार करून 144 नं भागायचं. सहा फूट लांब, नऊ इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे पाऊण घनफूट. एवढं कागदावर मांडून नेलं की वखारवाला आपल्याशी जरा जपून बोलतो. बल्लारशा-चंद्रपूरकडच्या सागाला 'सीपी' म्हणतात. ब्रिटिशांच्या वेळचा तो मध्यप्रांत गेला, पण लाकडाच्या बाजारात नाव टिकून आहे. हल्ली आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा सागही येतो. तो स्वस्त पडतो, पण त्यातली बरीच झाडं कोवळेपणी तोडलेली असतात. साग कुठलाही असो, गाभ्याचा तपकिरी भाग घ्या. कडेच्या पांढुरक्या भागाला वाळवी लागते, साग असला तरी. लाकूड वाळलेलंही हवं, नाहीतर वर्षभरात सांधे उघडतात.

सगळंच सागवानी करायला आपण काही संस्थानिक नव्हे! देव्हारा सागाचा केला आणि ओट्याखाली प्लायवूड वापरलं. तिथे मोरीचं पाणी असतं, म्हणून आयएस 710 असा छाप असलेलंच मागा. त्याला मरीन प्लाय म्हणतात. प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. नुसत्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या पाण्यानं फुगतात. आमच्या एका तयार कपाटाचं तळ दोन पावसाळ्यांत पापडासारखं झालं. दुकानदारानं, "बाई, पाणी का सांडलंत?" म्हणून आम्हालाच विचारलं! स्वयंपाकघरात पाणी नाही तर काय अत्तर सांडणार?

पैशांचं म्हणाल तर उचल थोडी, पुढचे पैसे काम होईल तसे, आणि शेवटचा हप्ता हातात राखूनच ठेवा. तो देण्यापूर्वी प्रत्येक दार, प्रत्येक खण आपल्या हातानं दहा वेळा उघडा-मिटा. मामांना राग आला तर चहा करा, पण उघडून बघाच. उरलेले सागाचे तुकडेही मागून घ्या, ते आपल्या पैशांचे असतात. आमच्या तुकड्यांतून पोळपाट आणि सासूबाईंच्या पायाखाली ठेवायला चौरंग निघाला.

चपड्याचं पॉलिश मात्र ऐन पावसाळ्यात करून घेऊ नका. दमट हवेत त्यावर पांढुरका धुरकटपणा येतो. आमचा देव्हारा आषाढात तयार झाला, तेव्हा मामा म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांबा, मग हात मारू." सासूबाई कुठल्या थांबायला! दुसऱ्याच दिवशी सकाळी आंघोळ करून, कोऱ्या लाकडाच्या वासात त्या खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा, तुझ्या पोळ्या बघ. मला घाई नाही."