चारशे केव्हीची तार

लाइनवरची माणसं हिला ‘मूस’ म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या ५४ तारांचा पीळ, आत पोलादाच्या ७ तारा. जाडी ३२ मिलिमीटरच्या आसपास, मीटरला वजन दोन किलो. अंगावर आवरण नाही. ऊन, पाऊस, धूळ सगळं उघड्या अंगानं सोसायचं.

मे महिन्यात चंद्रपूरला हवाच ४५ अंशांवर जाते. वरून ऊन, आतून प्रवाह. हिची मर्यादा ८५ अंश. जुन्या लाइनी तर ७५ धरून उभारलेल्या. म्हणजे हाती उरतात तीस-चाळीस अंश, त्यातलेही काही ऊनच खातं. आणि नेमक्या याच दुपारी घरोघरचे कूलर आणि एसी हिच्याकडे वीज मागत असतात.

तापली की ती लांबते. दोन मनोऱ्यांमधल्या चारशे मीटरच्या स्पॅनमध्ये वीतभर लांबली तरी झोळ दीडेक मीटर खाली येतो. जमिनीपासून ८.८४ मीटर अंतर सुटलंच पाहिजे, असा नियम आहे. झाडाला टेकायचीही गरज नसते, पुरेशी जवळ आली की ठिणगी उडते. १४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेत ओहायोमध्ये ३४५ केव्हीची एक लाइन अशीच झाडापाशी ठिणगी उडून बंद पडली, तेही क्षमतेच्या निम्म्याहून कमी भार असताना. झाडं वाढू दिली होती. मागोमाग आणखी लाइनी गेल्या आणि पाच कोटी माणसं अंधारात बसली. तारेचा त्यात काय दोष?

तिचा खरा सोबती वारा. कागदावरची क्षमता काढताना तो ताशी जेमतेम दोन किलोमीटर धरतात. शेतातलं पीक डोलेल इतका वारा आडवा सुटला, की तितक्याच तापमानात ती कितीतरी जास्त वीज वाहते. वर्षभर एकच आकडा तिच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. तिलाच विचारावं.

आता तसं विचारता येतं. तारेवरच सेन्सर बसतो, तिच्याच चुंबकक्षेत्रावर चालतो आणि तापमान, कल, प्रवाह लोड डिस्पॅच सेंटरला कळवत राहतो. सबस्टेशनजवळ, जिथे गाडी जाते तिथे तो बसवणं सोयीचं. पण बसवायचा तो सागाच्या दाटीत वारा अडलेल्या स्पॅनवर, तिथे पोहोचायला लाइनमनचा अर्धा दिवस गेला तरी. सगळ्या लाइनची मर्यादा तोच स्पॅन ठरवतो.