रंगाची वजाबाकी

(द्वितीय वर्ष, कला)

आई मला टोमॅटो आणायला बाजारात पाठवत नाही. पिकलेला कोणता नि कच्चा कोणता हे मी दाबून ओळखतो आणि भाजीवालीला ते खपत नाही. घरात हा थट्टेचा विषय होता. बारावीनंतर मात्र थट्टा संपली. जहाजावरच्या नोकरीसाठी वैद्यकीय तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक पुढे ठेवले. "आकडा वाचा," म्हणाले. मला नुसते ठिपकेच दिसले. 'वर्णदृष्टी सदोष' असा शेरा पडला आणि मी कला शाखेत दाखल झालो. निर्णय चुकीचा नव्हता. ज्याला लाल-हिरवे दिवे ओळखता येत नाहीत, त्याच्या हाती जहाज कोण देईल? पण तो 'सदोष' शब्द मनात रुतून बसला.

गेल्या हिवाळ्यात भूगोलाच्या सरांनी आम्हा काहीजणांना कॉलेजच्या गच्चीवर आकाशदर्शनाला बोलावले. कोणती तारका किती तेजस्वी, याचा ज्याने त्याने अंदाज करायचा होता. मृगातली काक्षी आणि पूर्वेकडची प्रश्वा यांवरून माझे नि माझ्या मित्राचे जुंपले.

"दोन्ही सारख्याच आहेत," तो म्हणाला.

"छे! प्रश्वा केव्हाही सरस," मी म्हणालो.

राजन्याबद्दल मात्र आमचे एकमत होते. वाद वाढला तसा मित्र चिडून म्हणाला, "तुला मुळात तांबडा रंग दिसतो तरी का?"

सगळे गप्प झाले. सर तेवढे शांतपणे म्हणाले, "हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांनाही पडला होता. उद्या ग्रंथालयात ये."

दुसऱ्या दिवशी जे वाचले, ते माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगे होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या हिप्पार्कसच्या नावावर ताऱ्यांच्या सहा प्रती सांगितल्या जातात. सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. १८५६ साली नॉर्मन पॉगसनने त्यांना गणिताची शिस्त लावली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. हाच पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १८९१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

इथवर ठीक होते. पुढे छायाचित्राची काच आली आणि घोटाळा झाला. त्या काळची काच निळ्या प्रकाशाला हळवी आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. डोळ्याला ठळक दिसणारी तांबडी तारका काचेवर मंद उमटे. एकाच तारकेच्या दोन प्रती झाल्या. मग खरी कोणती? आमच्या गच्चीवरचे भांडण ते हेच!

शास्त्रज्ञांनी कोणालाच 'सदोष' ठरवले नाही. त्यांनी वजाबाकी केली. काचेवरची प्रत वजा डोळ्याची प्रत, आणि जो फरक येईल तो तारकेचा रंग. १९५३ साली जॉन्सन आणि मॉर्गन यांनी ठराविक गाळण्या नेमून ही पद्धत पक्की केली. निळ्या गाळणीतली प्रत 'बी' आणि पिवळसर-हिरव्या गाळणीतली 'व्ही'. 'बी' वजा 'व्ही' हा आकडा राजन्यासाठी शून्याच्या आसपास येतो, सूर्यासाठी सुमारे ०.६५, रोहिणीसाठी १.५४ आणि काक्षीसाठी १.८५. आकडा जितका मोठा तितकी तारका तांबडी. मापणाऱ्या यंत्राला रंग दिसतच नाही. ते फक्त प्रकाश मोजते. हे वाचून मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले.

प्रत्येक दुर्बिणीच्या गाळण्या थोड्या निराळ्या असतात, म्हणून एकीचे आकडे दुसरीच्या भाषेत आणावे लागतात. १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कोस उपग्रहावरील मापनांतून टायको तारकासूची झाली. तिच्या प्रती जॉन्सनच्या पद्धतीत आणण्याचा नियम सोपा आहे. निळी वजा पिवळी असा फरक काढायचा, त्याला ०.०९ ने गुणायचे आणि तो गुणाकार पिवळ्या प्रतीतून वजा करायचा. निळी ९.५ आणि पिवळी ८.५ असेल, तर 'व्ही' येते ८.४१. तोच फरक ०.८५ ने गुणला की जॉन्सनच्या पद्धतीतला रंग मिळतो. केवळ एका प्रतीवरून हे रूपांतर होत नाही. तारकेचा रंग ठाऊक असावाच लागतो. पांढऱ्या तारकेला दुरुस्ती जवळजवळ लागत नाही. म्हणूनच राजन्याबद्दल आमचे एकमत होते!

मग मी वही घातली. महिनाभर मित्राने आणि मी एकमेकांचे न पाहता अंदाज लिहिले आणि शेवटच्या रकान्यात 'मी वजा तो' असा फरक मांडला. पांढऱ्या तारकांना फरक नव्हता. रोहिणीला थोडा होता आणि काक्षीला सर्वांत जास्त. माझा डोळा लहरी नव्हता, त्याची गाळणी तेवढी निराळी होती.

सरांनी वही पाहून सावध केले. अतितांबड्या ताऱ्यांच्या प्रकाशात टायटॅनियम ऑक्साइडचे काळे पट्टे असतात, तिथे असले सरळ नियम भरवशाचे राहत नाहीत. शिवाय काक्षीचे तेज स्वतःच बदलते. २०१९-२० च्या हिवाळ्यात ती डोळ्यांना जाणवेल इतकी मंदावली होती. म्हणजे आमचे भांडण नेमके सर्वांत अवघड तारकेवरून झाले होते.

रूपांतराने आकडा मिळतो, पण रंग दिसू लागत नाही, हेही मला कळले. एका रात्री मी मित्राला विचारले, "तांबडी म्हणजे कशी रे?" तो बराच वेळ काक्षीकडे पाहत राहिला. "विझत आलेल्या निखाऱ्यासारखी," म्हणाला. चुलीतला निखारा मी पुष्कळदा पाहिला आहे. त्याला दिसतो तसा नसेल, पण पाहिला आहे. मी वहीत काक्षीपुढे १.८५ लिहिले आणि त्याच्याशेजारी 'निखारा' असेही लिहून ठेवले.

टोमॅटो मात्र मी अजून दाबूनच घेतो.