वाळूत निजलेलं लौलान

मैत्रिणींनो, कपाटातल्या रेशमी साडीची घडी मोडताना तुमच्या मनात कधी आलं का, की हे रेशीम चीनहून पश्चिमेकडे गेलं तरी कसं? उंटांच्या पाठीवरून, तकलामकानच्या वाळवंटाच्या कडेकडेनं! याच वाटेवर, लोप नूर नावाच्या सरोवराकाठी, एक चिमुकलं राज्य होतं. त्याचं नाव लौलान.

किती चिमुकलं म्हणाल, तर जुन्या चिनी नोंदीप्रमाणे घरं १,५७० आणि माणसं १४,१००. आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव म्हणा ना! पण जागा मोक्याची. पूर्वेला चीनचे हान सम्राट, उत्तरेला घोडेस्वार शिओंग्नू. अडकित्त्यात सुपारी सापडावी, तशी गत!

हानांचे वकील आले की लौलानच्या लोकांनी वाट दाखवायची, पाणी वाहायचं, धान्य पुरवायचं. लोक कंटाळले, वकिलांना लुटू लागले. इ.स.पू. १०८ मध्ये हान फौजेनं राजालाच पकडलं. मग बिचाऱ्यानं काय करावं? एक मुलगा हानांकडे ओलीस ठेवला, दुसरा शिओंग्नूंकडे. मोठ्यांच्या मध्ये राहायचं तर दोघांनाही धरून राहायला हवं, असं तो सम्राटापुढे स्पष्टच बोलला.

पोटचे गोळे असे वाटून देताना त्या घरात काय झालं असेल, ते तुम्हांआम्हांला सांगायला नको. पुढे राजा वारला. लौलाननं हानांकडचा मुलगा परत मागितला. पण तिथल्या कायद्याच्या शिक्षेत त्याचं पुरुषत्व हिरावलं गेलं होतं. त्याला काही धाडलं नाही.

पुढच्या राजानंही मुलं अशीच ओलीस ठेवली. तो गेल्याची बातमी शिओंग्नूंना आधी लागली. त्यांनी आपल्याकडचा राजपुत्र लगेच पाठवून गादीवर बसवला. हान सम्राटानं त्याला भेटीला बोलावलं, तेव्हा त्याला अडवलं ते राणीनं. ही खरं तर त्याची सावत्र आई. तिथल्या रीतीनं आता त्याची बायको झालेली. ती म्हणाली, आधीच्या राजानं दोन मुलं तिकडे पाठवली, एकही परतलं नाही; तुम्ही कशाला जाता? राजानं ऐकलं. या शहाण्या बाईचं नाव मात्र इतिहासकारांनी लिहून ठेवलं नाही, बरं का!

राजा गेला नाही, तर मरण घरी चालून आलं. इ.स.पू. ७७ मध्ये फू जिएत्झ नावाचा हान वकील सोनं आणि रेशीम घेऊन आला. राजाला दारू पाजली, गुपित सांगतो म्हणून बाजूला नेलं आणि दोघांनी मागून भोसकलं. मुंडकं राजधानीच्या वेशीवर टांगलं. राजाच्या भावाला गादी मिळाली, सम्राटाच्या वाड्यातली बायको मिळाली आणि राज्याला नवं नाव मिळालं, शानशान. हानांची शिबंदी मात्र नव्या राजानं स्वतःच मागून घेतली. आधीच्या राजाची मुलं आपला जीव घेतील, ही त्याला धास्ती!

एवढं सोसूनही राज्य कितीतरी शतकं तगलं. तिसऱ्या-चौथ्या शतकातली तिथली लाकडी पाट्यांवरची पत्रं सापडली आहेत. लिपी खरोष्ठी आणि भाषा आपल्याकडची, वायव्येची प्राकृत! राजाला ‘महाराय’ आणि लिहितो याला ‘लिहति’. वाचून ओळखीचं वाटतं ना? त्यांत उंटांचे तंटे आहेत, जमीन विकणाऱ्या बायका आहेत. दत्तक दिलेल्या मुलाबद्दल पाजलेल्या दुधाचा मोबदला देण्याची रीतही आहे. तो मोबदला कधी कधी घोडा असे.

अखेर राज्याला हरवलं ते पाण्यानं. नद्यांनी पात्रं बदलली, व्यापाराच्या वाटा बदलल्या, आणि चौथ्या शतकात लौलान नगर ओस पडलं. शानशानचा राजा ४४५ मध्ये उत्तर वेई फौजेच्या हाती लागला. १९०० साली स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाचा वाटाड्या विसरलेलं फावडं आणायला मागं गेला आणि त्याला हे अवशेष दिसले. लोप नूरही विसाव्या शतकात आटलं. आता तिथं मिठाचा कडक थर आहे.

अवशेषांपाशी जायला खास परवाना लागतो. पण उरुम्छीच्या संग्रहालयात १९८० साली सापडलेली ‘लौलानची सुंदरी’ आहे. या राज्याच्याही कितीतरी आधीची, सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीची ही बाई. डोक्यावर लोकरीची टोपी, टोपीत पीस. राजे आले नि गेले. तिनं खोवलेलं ते पीस मात्र अजून जागच्या जागी आहे.